पडद्यावरची भेग आणि मन्सूरभाई

मन्सूरभाईंना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं आणि या गौरवग्रंथासाठी मंडळींनी मला लेख मागितला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी मॅट्रिक झालेली घरसंसारी बाई. भजनी मंडळाचा जमाखर्च लिहिते, तेवढंच माझं लिहिणं. मग मनात आलं, भाईंच्या टुरिंग टॉकीजबद्दल, त्यांच्या मशीनबद्दल जाणकार लोक लिहितीलच; आमच्या पत्र्याच्या शेडातली गोष्ट कोण लिहिणार? म्हणून बसले आहे, आणि बसल्यापासून इतका आनंद होतोय की काय आधी सांगू नि काय नंतर, असं झालंय.

लग्न होऊन मी औशाकडच्या आमच्या गावी आले, त्या साली जत्रेत भाईंचा तंबू लागला होता. देवाचा पिक्चर होता, म्हणून सासूबाईंनी मला नेलं. तंबूच्या तोंडाशी उंच, किडकिडीत, कानाला पेन्सिल अडकवलेले एक गृहस्थ बायकांना सांगत होते, "चपला हिकडं काढा माय, देवाचा पिक्चर हाय." आत पडद्याखाली उदबत्ती लावलेली. सासूबाईंना गप्प राहवतं थोडंच!

"काय ओ भाई, तुमच्यात चालतं का हे उदबत्तीचं?"

"अम्मा, माझ्यात काय चालतं ते मी बघतो. तुमच्यात लागती म्हणून लावली."

"मग परसाद बी द्या की!"

"परसाद तिकिटात न्हाई!"

सगळा बायकांचा घोळका हसला. ती आमची पहिली ओळख. पुढं दर जत्रेला भाई आमच्याकडं पाणी प्यायला यायचे आणि सासूबाई त्यांना "परसाद" म्हणून भाकरी-चटणी वाढायच्या.

भाईंची एक सवय माझ्या तेव्हाच ध्यानात आली होती. मशीनपाशी उभं राहून ते पडद्याकडं क्वचितच बघत. आम्हा बसलेल्या लोकांच्या तोंडाकडं बघत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "पिक्चर मला पाठ झालाय भाभी. माणसं दर खेळाला नवी असतात." कुठं पोरं भेदरली की आवाज बारीक करायचे, कुठं बाया डोळे पुसायला लागल्या की रीळ बदलायला मुद्दाम थोडा वेळ लावायचे. आमच्या मनात काय होतंय, हे त्यांना आमच्या आधी कळायचं.

मग भूकंप झाला. त्याचं फार लिहिणार नाही. या भागात प्रत्येक घराला आपापलं आहे. आमचे मामंजी ओसरीवर झोपले होते, ते गेले. घर माळवदाचं, म्हणजे दगडाच्या भिंती आणि वर मातीचं जड छत. पुढचा भाग सगळा खाली आला, मागची देवघराची खोली तेवढी उभी राहिली. देव्हाऱ्यातला एक टाकसुद्धा हलला नव्हता. आम्ही सगळ्यांनी हात जोडले आणि शेतात पत्र्याच्या शेडात राहायला गेलो. माझी धाकटी जाऊ सुमन तेव्हा ओली बाळंतीण होती. तिची वैशाली भूकंपाच्या थोडीच आधी जन्मलेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला भाई तंबू घेऊन शेडांच्या वस्तीवर आले. म्हणाले, लोकांचं मन रमेल, फुकट दाखवतो. बायांनी देवाचाच पिक्चर मागितला. त्यात एक प्रसंग होता: धरणी दुभंगते, पळणारी माणसं भेगेत जातात, आणि जे देवळाच्या छपराखाली धावले ते वाचतात. काय आवाज, काय धूळ! मी स्वतः पदर तोंडात धरून बसले होते.

आता आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, पाऊस आला की मिटतात. जन्मभर पाहिलेल्या भेगा! पण पिक्चर पाहिल्यावर सुमनला त्या वेगळ्याच दिसायला लागल्या. शेडाखालून एक भेग गेली होती. ती दिवसभर त्या भेगेत माती लोटायची. शेवटी एक दिवस लेकरू उचलून मला म्हणाली, "बाई, मी चालले देवघरात. ती खोली देवानं राखली. हितं भुई फाटून राहिली."

सासूबाई रडायला लागल्या. आमचे हे ओरडले, "येडी का खुळी तू? भिंतीला फट पडलीय, दिसत न्हाई?" पण पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं होत होतं, लेकराच्या अंगावर घामोळं फुटलं होतं, आणि ती खोली माठासारखी गार. मलाही मनातून वाटत होतं, की देवानं राखलेली जागा, तिथं काय होणार? म्हणून मी तिला अडवलं नाही; फक्त "उद्या जा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाई दारात! कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "खेळ चालू असताना ही बहीण पडदा सोडून आपल्या पायाखाली बघत होती. तवापासून माझं चित्त न्हाई थाऱ्यावर. चित्र मी दाखवलं, ते उतरवायचं बी मीच."

तरुणपणी भाई कोल्हापूरला स्टुडिओत सामान उचलायला होते, हे तेव्हा कळलं. त्यांनी दोन फळ्या शेजारी-शेजारी मांडल्या, वर चाळलेली माती पसरली, काड्यापेटीची घरं ठेवली. एका खोक्याला चौकोनी भोक पाडून सुमनला म्हणाले, "हितून बघ." आणि खालून फळ्या हळूच ओढल्या. सुमन किंचाळली! मी पाहिलं, मीही किंचाळले. त्या भोकातून अगदी तसंच, धरणी फाटलेली, घरं आत चाललेली! मग त्यांनी खोकं बाजूला केलं. दोन फळ्या आणि मूठभर माती. सासूबाई भूकंपानंतर पहिल्यांदा हसल्या. "अरं देवा, ह्याला भिऊन मी उपास धरला होता!"

सुमन मात्र हसली नाही. भाईंकडं रोखून बघत म्हणाली, "भेग खोटी, तर मग देवानं वाचवलं ते बी खोटंच म्हणा की."

भाई जमिनीवर तिच्यासमोर बसले. "पिक्चरमधला देव नट होता बहिणी, मी त्याला बिडी ओढताना बघितलंय. तुझ्या देवाचं मी काय सांगू? पण एक सांगतो. तुझी भीती खरी हाय, तिची जागा चुकली. तुमचा म्हातारा भुईनं न्हाई नेला. माळवदानं नेला. तू भुईला भिऊन माळवदाखाली चाललीस."

सुमनचे डोळे भरले. म्हणाली, "पण देव तिथं हाईत भाई. त्यांना टाकून मी हितं कशी राहू?"

"मग देवांना हिकडं आणू की!" असं म्हणून भाई उठलेच.

तंबूचे वासे आणून त्यांनी देवघराच्या दाराला टेकू दिला. आमचे हे आत सरपटत गेले. भाई बाहेर वासा खांद्यानं रेटून उभे, तोंडानं त्यांच्या देवाचं नाव, माझ्या तोंडी माझ्या देवाचं. माती भुरभुरत होती. परातीत टाक, समई, बाळकृष्ण असं सगळं बाहेर आलं, तेव्हा मी आधी परातीला आणि मग भाईंना नमस्कार केला. ते दचकून मागं सरले, "भाभी, गुन्हा करू नका!"

देव शेडात बसले आणि सुमन देवांपाशी बसली. एवढ्यावर भाई थांबले नाहीत. तंबूची कनात आणून त्यांनी आमच्या नि शेजारच्या शेडांच्या पत्र्यावर अंथरली, रोज पाणी मारायला सांगितलं. कनात नाही म्हणजे जत्रांचा सगळा हंगाम गेला, हे मला हिशेब न मांडताही कळत होतं. विचारलं तर म्हणाले, "औंदा आराम करावा म्हणतो."

पावसाळ्यात देवघराची ती खोली बसली. आत कुणीही नव्हतं.

पुढं आम्ही लातूरला बिऱ्हाड केलं. वैशाली कोचिंगसाठी आमच्याकडं राहायला आली. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, प्रत्येक पाटीवर हसरे फोटो. त्या दिवसांत एक पिक्चर पोरांच्या डोक्यात बसला होता: गरीब मुलगा एका गाण्यात अभ्यास करतो आणि गाणं संपता संपता पहिला येतो! पहिल्याच चाचणीत मार्क कमी पडले आणि वैशाली पोतं भरून गावी निघाली. "मोठी आई, माझ्यात ते न्हाईच." तंबू मोडून भाई तेव्हा शहरातल्या एका टॉकीजमध्ये मशीनवर होते. मी पोरीला सरळ त्यांच्याकडं नेलं. त्यांनी त्याच पिक्चरच्या फिल्मचा एक तुकडा उजेडात धरला, जोड दाखवला. "हितं कापलंय, बघ. ह्या चित्रात पोरगा पुस्तक उघडतो, ह्याच्यात पेढे वाटतो. मधली दोन वर्सं कात्रीनं खाल्ली. तू आत्ता त्या कापलेल्यात हायस, बेटी. तिथं गाणं नसतंय."

वैशाली राहिली. पिक्चरमधल्यासारखी पहिली आली नाही, डॉक्टरही झाली नाही. नर्सिंग करून नांदेडला नोकरीला आहे, आणि सुमन तिच्याकडं ऐटीत राहते.

आता तर पडदा ज्याच्या-त्याच्या हातात आला आहे. परवाच आमच्या गल्लीत कुठल्याशा धरणफुटीचा व्हिडिओ फिरला आणि बायका सामान बांधायला लागल्या. भाई काठी टेकत आले, डोळ्यांजवळ मोबाईल धरला आणि विचारलं, "असं पाणी येऊन राहिलं, तर हे काढणारा कुठं उभा होता म्हणायचं?" बायकांनी गाठोडी सोडली.

भाई, पडदे असे घरोघर झाले आहेत आणि आमच्या तोंडाकडं बघणारे तुम्ही एकटेच आहात. तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्या, मोतीबिंदूचं पुढं ढकलू नका, आमच्याकडं यायला जिने चढू नका. निरोप पाठवा, आम्ही खाली येऊ. माझ्या देवाला मी रोज सांगते, तुमच्या देवाला तुम्ही सांगा: या माणसाला अजून पुष्कळ वर्षं धडधाकट ठेवायचं आहे, आमचं त्याच्याकडचं काम अजून संपलेलं नाही.