बटणांवरची बाराखडी

सुमनकाकू पाटी वाचायच्या ती अंगठ्याने. बोरगाव मेघेतून आम्ही दोघी वर्ध्याला बाजाराला निघालो, की बँकेच्या इंग्रजी पाटीसमोर त्या थबकायच्या, उजवा अंगठा हवेतच दाबायच्या आणि पुटपुटायच्या, "दोनचं दुसरं, दोनचं पयलं, सहाचं दुसरं, पाचचं दुसरं... बँक!" लोक वळून बघायचे. काकूंना त्याचं काही नसायचं. इंग्रजी अक्षरं त्यांना भेटली तीच मुळी मोबाईलच्या बटणांवर, आणि त्याच क्रमाने ती डोक्यात बसली होती.

मी तेव्हा तिथल्या शाळेत शिकवत होते आणि काकूंच्या किराणा दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहत होते. इनकमिंग फुकट झालं आणि आमच्या गल्लीतही मोबाईल आले. काकूंची एकुलती एक लेक वैशाली लग्न होऊन अकोल्याला मोठ्या घरात पडली होती. माणसं चांगली, पण घर सदा भरलेलं. ती फोनवर बोलू लागली की आजूबाजूचे कान टवकारायचे. म्हणून ती मेसेज करायची. त्या फोनांत मराठी अक्षरं नव्हती. मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे. काका हिशेबाला पक्के, पण इंग्रजीच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. त्यामुळे फोन वाजला की काकू माझ्या दारात.

"मॅडम, पाहा बरं, काय म्हणून राह्यली माही पोरगी?"

मी हात पुढे करायची, फोन घ्यायची आणि वाचायची, "आई, मी बरी आहे. जेवण झालं. तू जेवलीस का?" बहुतेक वेळा तेच.

एके दिवशी काकूंनी फोन परत घेतला आणि उंबऱ्यावरच बसल्या. "राग नोका मानू मॅडम, पण हे पोरगी तुमच्यासाठी लिहिते, माह्यासाठी नाई. तिले ठाऊक हाय, वाचणार तुमी. मंग मनातलं कशी लिहीन?"

मग काकूंनीच त्यावर तोड काढली. "मले शिकवा."

मी उत्साहाने वही-पेन घेऊन बसले. मराठी चौथीनंतर काकूंनी हातात पेन फारसं धरलंच नव्हतं. "ठेवा ते तिकडं," त्या म्हणाल्या, "मले काय परीक्षेले बसाचं हाय?" मग शिकवणी फोनवरच सुरू झाली, तीही दुकानाच्या गल्ल्यावर. सातच्या बटणावर चार अक्षरं, त्यातलं चौथं हवं तर बटण चारदा दाबायचं, आणि मध्ये जरा उशीर झाला की फोन आपला पुढच्या अक्षराच्या जागी सरकायचा. एक गिऱ्हाईक बाई साबण मागून मागून कंटाळली, तर काकू तिच्यावरच तडकल्या, "थांब ना वं बाई! साबण पळून नाई चालला, माहं अक्षर पळून राह्यलं!"

दुसरं भांडण लहान-मोठ्या अक्षरांशी. बटणावर एक दिसायचं, पडद्यावर वेगळंच उमटायचं. "इतकी लबाडी तं आमी तराजूतबी नाई करत," काकू म्हणाल्या. शेवटी मी त्यांचा फोन कायमचा मोठ्या अक्षरांवर लावून दिला. मग एका दुपारी त्यांनी दुकानाचं अर्धं दार लोटून घेतलं आणि पहिला मेसेज स्वतः लिहिला. वैशाली, आता मीच वाचते, तूही मोठ्या अक्षरांत लिही, एवढाच. तो लिहिताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मी शाळेतून परतताना दुकानात टेकले होते. फोन वाजला आणि सवयीने माझा हात पुढे झाला. काकूंनी माझ्याकडे पाठ केली. त्यांचा अंगठा हलत होता, ओठ हलत होते. बराच वेळ. मध्येच त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

काकूंनी फोन कमरेला खोचला. "तुमाले काऊन सांगू? मायलेकीचं हाय ते."

माझा हात अजून तसाच पुढे होता. काकूंनी बरणी उघडली आणि त्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले, वर गुळाचा खडा. मी मागच्या खोलीत जाऊन ते सावकाश खाल्ले. मला इतका आनंद माझ्या वर्गाच्या कुठल्याही निकालाने दिला नव्हता.