पळस रंगवणारे मामाजी

आमच्या तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांच्या परवानगीवाचून एकही ऋतू आला नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. काही ऋतू उशिरा आले, काही आल्यासारखं करून निघून गेले, एका वर्षी तर थंडी फिरकलीच नाही. पण प्रत्येकाला मामाजींनी बागेच्या फाटकाशी उभं राहून जाब विचारला होता. गावातली जुनी माणसं मात्र त्यांची आठवण काढतात ती 'फूलचोर' म्हणून. नगरपालिकेच्या बागेत फुलं तोडताना सापडलेला आणि सख्ख्या भाचीच्या नवऱ्यानंच बाहेर काढलेला म्हातारा. तो भाचीचा नवरा मी, आणि त्या बागेचा पर्यवेक्षकही मीच. आता माझं वय झालं आहे, खरं बोललो तर अडचणीत येईल असं कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगून टाकतो. मामाजींनी बागेतलं एकही फूल चोरलं नाही. त्यांनी फुलं तोडली, हे खरं. त्यांनी फुलं रंगवली, हेही खरं. आणि ती त्यांनी तोडली नसती, रंगवली नसती, तर आज आमच्या भागात जे झाड बघायला माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येतात, ते झाडच नसतं.

महाराष्ट्र नवा होता तेव्हाची गोष्ट. सगळ्यांनाच काहीतरी नवं उघडण्याची हौस होती. आमच्या नगरपालिकेनं उंद्रीच्या रस्त्यावरच्या पडीक जागेत बाग उघडली, आणि ती नुसती गुलाब-मोगऱ्याची नको, आपल्या मुलखातली रानझाडं सांभाळणारी हवी, असं ठरवलं. मी शेतकी शाळेतून नुकताच बाहेर पडलेला, मला तिथं नोकरी मिळाली. त्याच सुमाराला मामाजी शेगाव स्टेशनातून निवृत्त होऊन आमच्या गावी राहायला आले. जन्मभर त्यांनी फलाटावरच्या काळ्या फळ्यावर गाड्यांच्या वेळा खडूनं लिहिल्या होत्या. मामी वारल्या होत्या, दिवस मोठा होता, आणि ज्या गावात रेल्वेच नाही तिथं माणसानं सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला होता. पंधरवडाभर त्यांनी तो सोसला. मग एका सकाळी अंगात निवृत्तीच्या वेळचा काळा कोट आणि डोक्यावर फळा घेऊन ते बागेच्या फाटकाशी हजर झाले. म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या बागेत कोन येऊन राह्यलं, कोन जाऊन राह्यलं, हे लोकायले समजलं पाह्यजे. पब्लिकले ताटकळत ठेवू नये."

दुसऱ्या दिवशी फाटकावर फळा लागला. 'पांगारा: आला. काटेसावर: सुटली. बहावा: उशिरा धावत आहे. मोह: पुढील सूचनेपर्यंत थांबावे.' अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. सुरुवातीला लोक हसले, आणि महिन्याभरात त्याच लोकांना फळा वाचल्याशिवाय चैन पडेना. बाजाराला जाणारे बैलगाड्या थांबवून विचारत, "काय म्हन्ते फळा?" बहावा अजून उशिराच आहे असं कळलं की हळहळत पुढं जात, जणू त्यात त्यांचा पाहुणा बसलेला होता. उशीर करणाऱ्या झाडांची मामाजी स्वतः चौकशी करत. मला ते कायम 'जवाईबापू' आणि 'तुम्ही' म्हणत, पण झाडांना एकेरीच. एकदा मी त्यांना बहाव्याच्या बुंध्यावर काठी टेकवून बोलताना ऐकलं, "काऊन बे, तुह्या बरोबरचे सारे आले, तूच काऊन मांगं? लाइन किलिअर नाही का तुले?" दोन दिवसांनी त्या बहाव्याला कळ्या धरल्या. तो योगायोग होता, असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे, विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं.

त्यांना झाडांतलं फार कळत होतं अशातला भाग नाही. निम्म्या वेली त्यांच्या लेखी 'वेलासारखं काहीतरी' होत्या. एकदा मोहाखाली काहीतरी पांढुरकं, गोलसर पडलेलं दिसताच त्यांनी धावत जाऊन फळ्यावर 'मोह: आला' असं लिहिलं. माणसं जमली. कुणा पोरानं टाकलेला तो साखरफुटाणा निघाला. दुसरा कुणी असता तर गुपचूप पुसून मोकळा झाला असता. मामाजींनी लिहिलं, 'मोह आलेला नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' आणि ते आठवडाभर ठेवलं. फळा खोटं बोलत नाही, हा त्यांचा धर्म होता. दुसरा धर्म, बागेतल्या फुलाला हात लावायचा नाही. बाग समितीचे अध्यक्ष सरकीचे मोठे व्यापारी. त्यांनी एकदा आईच्या पूजेसाठी चार झेंडू खुडले, तर मामाजींनी भर बागेत त्यांना अडवलं. "शेटजी, देवाले घरचं फूल वाहा. पब्लिकच्या फुलानं पब्लिकलेच पुण्य लागते." अध्यक्षांनी झेंडू तिथंच ठेवले, पण ते शब्द मनात ठेवून दिले.

आता पळसाकडे येतो. पळस आमच्याकडे ढिगानं, पण सगळा केशरी. पांढऱ्या फुलांचा पळस क्वचित कुठं तरी एखादा, आणि तेच त्याचं मरण. त्याचं फूल तिजोरीत ठेवलं की धन वाढतं, मुळी जवळ बाळगली की पुरलेला हंडा दिसतो, असं लोक मानत. म्हणून पांढरा पळस दिसला रे दिसला की माणसं कोयते घेऊन येत, साल सोलून नेत, मुळं खणून नेत. बीबी गावाकडे मामाजींच्या ओळखीचा एक भाजीवाला होता, त्याच्या मळ्याच्या बांधावर असा एक पळस होता. तो लोकांनी असाच खरवडून मारला. मामाजी त्याला भेटायला गेले ते तेराव्याला जावं तसे, आणि परत आले ते कोटाच्या दोन्ही खिशांत त्या झाडाच्या शेवटच्या शेंगा भरून. आम्ही त्या बागेच्या मागच्या अंगाला पेरल्या. त्यातली काही रोपं जगली. पळस वाढायला आळशी. बरीच वर्षं गेली. एकेक झाड फुलत गेलं आणि केशरी निघत गेलं. मग एका फाल्गुनात मामाजी भर दुपारी माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि कुजबुजले, "जवाईबापू, आला. धुतलेल्या धोतरासारखा आहे."

मला आनंद झाला आणि लगेच मी खिडकीही लावून घेतली. झाड माझ्या डोक्याहून थोडंच उंच होतं. बातमी फुटली असती तर आठ दिवसांत त्याची काडी उरली नसती. आणि बागेला तेव्हा कुंपण म्हणजे निवडुंगाची रांग. झाड उचलून दुसरीकडे नेता येत नव्हतं, झाकता येत नव्हतं. मामाजी खुर्चीत बसून बराच वेळ खडू चोळत राहिले. मग म्हणाले, "फळ्यावर 'पळस: आला' एवढंच लिहितो. ते काही खोटं नाही. रंगाचं मी पाहतो."

त्यांनी पाहिलं ते असं. हाताला लागतील त्या कळ्या उमलण्याआधी खुडून पिशवीत घालायच्या, आणि उंचावरची फुलं बियांसाठी ठेवून ती केशरी करायची. रंग पळसाचाच, आपण रंगपंचमीला फुलं उकळून करतो तो. माझ्या बायकोनं पातेलं चढवलं आणि विचारलं, "मामाजी, रंगपंचमीले तर अजून वेळ आहे न?" ते म्हणाले, "सराव करून राह्यलो, बाई." पहाटे फाटक उघडण्याआधी काळा कोट घातलेले हे गृहस्थ शिडीवर चढत आणि पितळी पिचकारीनं एकेक घोस केशरी करत. वारा उलटा असला की चष्म्यासकट स्वतः केशरी होऊन खाली उतरत. एकदा फुलात चोच घालून बसलेली साळुंकी रंगून उडाली. तिची बातमी फळ्यावर द्यावी की नाही, या विचारात त्यांचा सगळा दिवस गेला. लोक बागेत येत, त्या पळसाखालून जात, आणि कुणी मान वर करून पाहत नसे. केशरी पळस कोण पाहतो? उन्हाळ्यात मी त्याच्या शेंगा गोळा करी, रोपं करी आणि साध्या रोपांत मिसळून शेतकऱ्यांना बांधावर लावायला देई. झाड जागोजाग होईपर्यंत हे गुपित टिकवायचं, असं आमचं ठरलं होतं.

पण फुलं न तोडण्याबद्दल साऱ्या गावाला दटावणारा माणूस स्वतः कळ्या खुडून पिशवीत घालतो, हे किती दिवस लपणार? एका सकाळी अध्यक्ष फिरायला लवकर आले आणि त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. समिती बसली. मामाजी कोट घालून एका बाजूला उभे. अध्यक्षांनी मला विचारलं, "साहेब, तुमचे पाव्हणे आहेत म्हणून संकोच करू नका. यायले फुलं तोडताना तुम्ही पाह्यलं का?"

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी, इंजिनाला हिरवा बावटा दाखवावा तशी, हळूच मान हलवली.

"पाहिलं," मी म्हणालो.

"एकदाच?"

"दरवर्षी."

अध्यक्ष मामाजींकडे वळले. "काऊन हो, या वयात? कोनाले देता फुलं?"

मामाजी खाली पाहत म्हणाले, "एकट्या माणसाले असं चारचौघांत विचारू नये जी." सगळी समिती हसली. पुढं कुणी काही विचारलं नाही, कारण गावाला हवं ते उत्तर मिळालं होतं. फळा उतरवला गेला, आणि मामाजींनी बागेत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. ते अमलात आणायचं काम माझ्याकडे आलं.

घरी जाताना मी म्हणालो, "मामाजी, मी उद्या जाऊन खरं सांगतो." ते थांबले. "जवाईबापू, त्या झाडाची साल गेली तं ते मरते. माह्यी गेली तं मी घरी बसून चहा पेतो. सांगू नका." मी सांगितलं नाही. झाडासाठी गप्प बसलो, असं मी आजवर स्वतःला समजावत आलो. पण नोकरी वाचली याचा सुटकाराही त्या गप्प बसण्यात होता, हे आता लिहून ठेवतो. पुढं कित्येक वर्षं झाड मीच रंगवलं. मामाजी ओट्यावर बसून रोज विचारत आणि मी रोज सांगत असे. बाजारात पोरं त्यांच्या मागून 'फूलचोर' म्हणून ओरडत, तेव्हा ते टोपी काढून त्यांना नमस्कार करत. पुढं बांधाबांधांवरची रोपं फुलली. सगळी पांढरी नव्हती, पण बऱ्याच गावांत एखादं दुसरं निघालं. एकटं असतं तोवर ते झाड दैवी असतं. शेजाऱ्याच्या बांधावरही दिसलं की नुसतं झाड होतं, आणि नुसतं झाड कुणी सोलत नाही. मग दुर्मिळ पळस वाचवल्याबद्दल गावानं माझा सत्कार केला, शाल दिली. मामाजी तेव्हा नव्हते. मी भाषणात समितीचे आभार मानले.

पण ते गेले त्याच्या आदल्या वर्षी एक रंगपंचमी झाली. मामाजींचे गुडघे थकले होते. एकदा म्हणाले, "आम्ही त्याले जन्मभर रंगवलं, पण सारा फुललेला मी काही त्याले पाह्यला नाही." ते खरं होतं. पूर्ण उमलायच्या आधीच आम्ही त्याला केशरी करत आलो होतो. बांधांवरचे पांढरे पळस तोवर फुलू लागले होते, म्हणून त्या वर्षी मी पिचकारी भरलीच नाही. रंगपंचमीच्या सकाळी बाग बंद असते. मी माझ्या हातांनी मामाजींच्या तोंडाला असा रंग फासला की त्यांच्या आईनं ओळखू नये, आणि त्यांना बागेत घेऊन गेलो. पळस शेंड्यापासून खालपर्यंत पांढरा होता. मामाजी त्याच्याखाली उभे राहिले, आणि एरवी प्रत्येक झाडाला काही ना काही बोलणारा हा माणूस त्याला एक शब्द बोलला नाही. चष्मा काढून कोटाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

परतताना फाटकाजवळच्या वाफ्यात वाऱ्यानं कलंडलेला एक झेंडू त्यांनी सवयीनं हात लावून सरळ केला. तिथं पाणी घालणारी बाई नवी होती. ती म्हणाली, "ओ आबाजी, फुलाले हात लावू नका. इथं एक फूलचोर येत जाय. सायबाचाच पाव्हणा होता म्हन्तात. सायबानं त्याले हाकललं म्हणून बाग राह्यली."

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं, पण मामाजींनी माझा दंड धरला.

"हाव माय," ते तिला म्हणाले, "म्याही ऐकलं. साहेब भला माणूस आहे. तू लक्ष ठेवत जाय, बरं."

फाटकाबाहेर आल्यावर ते हसू लागले, आणि घर येईपर्यंत हसत राहिले. रंगातून डोळ्यांचं पाणी वाट काढत गालांवर आलं, तरी त्यांचं हसू थांबेना. मला मात्र हसता आलं नाही. ती बाई कुठं असेल कोण जाणे. तिच्या कानावर हे पडलं तर बरं: बाई, साहेबानं बाग राखली नाही. ज्यानं राखली, त्याला त्या दिवशी तू फुलाला हात लावू नका म्हणालीस, आणि त्यानं तुझं ऐकलं.