साखर कमी हाय

ओल्या दगडावर लोखंड घासल्याचा वास आला की माझे हात थांबतात. त्या दुपारी कळस गावात उसाच्या बांधावर माझ्या जावेनं तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला, चारचौघांत सुनावलं, तसा तो तडक घरी आला आणि मला म्हणाला, "वहिनी, चहा टाका." पहिला घोट घेऊन म्हणाला, "साखर कमी हाय." मी चमचाभर घातली. त्यानं कप संपवला, न्हाणीजवळच्या दगडावर पाणी शिंपडून कोयता घासला, अंगठ्यानं धार बघितली आणि परत बांधावर जाऊन तिला मारून टाकलं. खटला बारामतीला उभा राहिला. अचानक कुणी डिवचलं आणि त्याच रागात हात उठला असं ठरलं, तर खुनाचं कलम टळून शिक्षा कमी होते, हे दिराच्या वकिलानं घरच्यांना समजावलं होतं. म्हणून कोर्टाच्या पायरीवर सासऱ्यांनी मला अडवलं. "चहाचं तेवढं काढू नगं. घरचा माणूस हाय." मी म्हटलं, "आबा, ती बी घरचीच हुती." आत वकिलानं विचारलं, "बाई, रागानं त्याचं भान हरपलं होतं, खरं ना?" मी दिराकडं बघतच सांगितलं, "चहात साखर कमी हाय, एवढं भान हुतं त्याला." तेव्हापासून सासरचं कुणी माझ्या हातचा चहा घेत नाही. नाही तर नाही. मी रोज दोन कप टाकते, आणि दुसरा जावेच्या लेकीला देते.