कुडामागचा खोकला

रेडिओ बघायला कुणी सांगलीहून वाशीम जिल्ह्यात जातं का? हा प्रश्न आमच्या घरात निघण्याआधी निदान आठवडाभर विचारला जात होता, आणि विचारणारे आमचे ‘हे’ मला गाडीत बसवून देतानाही हसत होते. त्यांचंही चुकत नव्हतं. माझा रेडिओशी संबंध स्वयंपाकघरातला. फडताळावर संच, खाली ओट्याशी मी. पण एका भाचीनं सांगितलं की तिकडे एक रेडिओ आहे, त्याचा आवाज आसपासच्या गावांपुरताच जातो, आणि जी माणसं ऐकतात तीच त्यावर बोलतात. तेव्हापासून मला चैन पडेना. ऐकता ऐकता उठून बोलायला जायचं, हे मला पाहायचं होतं.

मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरून एसटीनं कारंज्याला आले. माघ सरत आला होता तरी दुपारचं ऊन चांगलंच चटका देत होतं. स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, त्यावरची हिरवी मिरची बेसावधपणे चावली आणि डोळ्यांत पाणी आणून पुढच्या गाडीत बसले. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे पाहून आपली पाण्याची बाटली पुढं केली.

“सांगलीच्या काय तुमी? तरीच! आमची मिरची पाव्हण्याले सोडत नाई.”

कारंजा मागं पडलं तशी शेतं मोकळी झाली. कुठं हरभरा पिवळा पडलेला, कुठं तुरी कापून उभ्या केलेल्या, मध्येच संत्र्याची गडद हिरवी बाग. आसेगावच्या पुढच्या एका फाट्यावर मी उतरले, तेव्हा शाहीन स्कूटी घेऊन उभी होती. ती हा रेडिओ चालवते. तिशीतली, बोलायला फटकळ, हसायला त्याहून मोकळी. तिच्या वडिलांचं गावात शिवणकामाचं दुकान आहे.

“काकू, सामान इतकंच? मले वाटलं सिनेमावाल्यावानी पेटी घेऊन येसान.”

रेडिओ म्हणजे ग्रामपंचायतीमागच्या दोन खोल्या. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. दारावरच्या पाटीवर ‘मानवी हक्क आणि सामाजिक प्रश्न’ असं मोठं नाव रंगवलंय, पण गावात त्या कार्यक्रमाला सगळे ‘शाहीनच्या गोष्टी’च म्हणतात. बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी का, सातबाऱ्यावर बायकोचं नाव का नाही, पोरीला दहावीआधीच का उजवता, असं सगळं त्यात येतं. भाषण कुणी करत नाही. ज्याच्यावर बेतलं तो सांगतो.

“पण नाव कळलं की गावात त्रास होत असेल?” मी विचारलं.

“नाव घेतच नाई. पण इथं नावाचं काय काम, आवाजावरूनच सारे वळखतात. म्हून आमी आवाज उसना घेतो.”

ही त्यांची पद्धत मला फार आवडली. आसेगावकडच्या बाईचं दुःख मालेगावकडची (नाशिकचं नव्हे, याच जिल्ह्यातलं) बाई बोलते, मालेगावचं इकडची. शब्द जिचे तिचे, आवाज लांबच्या गावचा. आणि शाहीनचा दुसरा हट्ट असा की मागचे आवाज कापायचे नाहीत. कोंबडी ओरडली तर ओरडू द्यायची, भांडं पडलं तर पडू द्यायचं. “साफ केलं तं लोकं म्हंतात, शहरातल्या खोलीत बसून बोलून राह्यले. मंग आयकत नाई.”

माझी सोय शाहीननं तिच्या घरामागच्या गल्लीत शोभाताईंकडे केली होती. शोभाताई गावालगत भाजीचा मळा करतात. मेथी, कोथिंबीर, वांगी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात सासू कौसाबाई आणि मुलगी पूजा. पूजाचं लग्न चार दिवसांवर आलेलं, त्यामुळे घर शेणानं सारवलेलं, अंगणात मांडवाचे बांबू पडलेले. जेवायला तुरीच्या सोल्यांची (ओल्या शेंगांतल्या दाण्यांची) भाजी आणि ज्वारीची भाकर. मी आणखी अर्धी मागून घेतली तेव्हा कौसाबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हातारीची नजर कडक, आणि खोकला त्याहून कडक. दोनदा कोरडा ठसका आणि शेवटी “वं माय!” त्या दोन खोल्यांच्या घरात तो दिवसभर चालू असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहीन आली ती कपाळाला हात लावूनच. गावातली डीपी जळाली होती, म्हणजे वीज नाही, म्हणजे रेडिओच्या खोल्या बंद. शिवाय मालेगावहून येणारी उसन्या आवाजाची बाई तापानं फणफणलेली. आणि जिची गोष्ट होती तिला थांबता येणार नव्हतं.

“कुणाची गोष्ट?” मी विचारलं.

शोभाताई चुलीशी होत्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. “माही,” म्हणाल्या.

गोष्ट एवढीच होती. पूजाच्या हळदीला पाच सवाष्णी हळद लावणार. शोभाताई विधवा, म्हणून त्यांनी आत बसायचं. मुलीच्या अंगाला हळद लागताना आईनं समोर यायचं नाही. त्यांना सासूला विचारायचं धाडस होत नव्हतं. म्हातारी जुन्या वळणाची, तिचा शब्द घरात शेवटचा. म्हणून त्यांना गावालाच विचारायचं होतं, नाव न सांगता. गाव ‘हो’ म्हणालं तर सासूपुढं तोंड उघडता येईल, असा त्यांचा हिशेब.

“काकू,” शाहीननं माझ्याकडे पाहिलं, “तुमचा आवाज इथं कोनीच वळखत नाई.”

मी रेडिओ बघायला आले होते, बोलायला नव्हे! पण शोभाताईंकडे पाहिलं आणि नाही म्हणवेना.

कौसाबाई शेजारी पापड लाटायला निघाल्याचं पाहून आम्ही परसात बसलो, घराच्या कुडाला (तुराट्या उभ्या बांधून शेणानं लिंपलेली भिंत) पाठ लावून. शाहीननं मोबाइल माझ्या तोंडाशी धरला. शोभाताई एकेक वाक्य हळू सांगत, ते मी मोठ्यानं म्हणे; त्यांचा आवाज तेवढा शाहीन नंतर गाळणार होती. माझी सांगलीची जीभ वऱ्हाडीला वळेना. ‘मागं’ म्हटलं की शोभाताई ‘मांगं’ म्हणत आणि तोंडावर पदर धरून हसत. हसता हसताच त्यांनी शेवटचं सांगितलं आणि माझं हसू गेलं.

“माहा मालक गेला तवा पोट्टी मांडीवर होती. मेथीच्या जुड्या इकून म्या तिले शिकोलं. तिचे कान म्या टोचले, तिचे केस म्या इचरले. आता हळद लावाची पाळी आली तं मले म्हंतात मांगं हो. मले एवळंच इचाराचं हाय. माह्या हातानं हळद लागली तं पोरीचं काय वाईट होईन?”

ते म्हणताना माझा आवाज कापला. शाहीन म्हणाली, राहू द्या, पुन्हा नको.

दुसऱ्या दिवशी वीज आली आणि संध्याकाळी कार्यक्रम लागला. अंगणात कौसाबाई मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पूजानं मोबाइलला वायर खोचून रेडिओ लावला. शोभाताई उगीचच एक घासलेली कढई पुन्हा घासत होत्या. शाहीनचा आवाज आला, “गाव इचारू नका, नाव इचारू नका. आवाज उसना हाय, दुख खरं हाय.” मग मी. स्वतःचा आवाज असा परका ऐकू येतो हे मला ठाऊक नव्हतं. पूजा माझ्याकडे पाहून डोळे मोठे करत होती. कौसाबाईंचे हात शेंगांवर चालूच होते.

आणि ‘मले म्हंतात मांगं हो’ या वाक्यावर, माझ्या आवाजाच्या अगदी पाठीमागून, दोनदा कोरडा ठसका आला आणि मग, “वं माय!”

शेजारच्या घरातही तोच कार्यक्रम चालू होता. तिकडून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, “अवो, हे तं कौसाबुढी व्हय!”

कढई घासायची थांबली. कौसाबाईंनी सूप खाली ठेवलं, लुगड्यावरची टरफलं झटकली आणि न जेवता, न बोलता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. माझं वाक्य मागं रेडिओवर पुरं होत होतं. ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

थोड्या वेळात शाहीन धावतच आली. तिचे डोळे लाल. “काकू, तो खोकला म्या लहानपणापासून आयकून राह्यलो. गल्लीत रोजच असते. मले तो आयकूच नाई आला हो.” मला मात्र रेकॉर्डिंगच्या वेळी तो ऐकू आला होता. वाटलं, शेजारून येत असेल. तो कुठून येतोय हे ओळखण्याइतकी मी त्या घरात मुरलेली नव्हते.

शोभाताईंनी कुणालाच दोष दिला नाही. फक्त म्हणाल्या, “झालं. आता मले बोलाले जागा नाई राह्यली.” मी म्हटलं, मी उद्या निघते, माझ्यामुळं आणखी अवघड नको. तर त्या म्हणाल्या, “नोको ताई. हळदीले पाच जनी पाह्यजेत, चारच झाल्या. तुमी सवाष्ण हाय न? थांबा.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला ते फार लागलं. ओळख जेमतेम तीन दिवसांची, पण माझ्या गळ्यात काळे मणी होते म्हणून त्यांच्या मुलीला हळद लावायचा मान मला.

मधला दिवस त्या घरात सासू सुनेशी बोलली नाही. चहा दिला तर घेत, भाकर दिली तर खात. खोकला मात्र चालू होता. मांडवाला हिरवा पाला चढला, पाहुणे आले. गावातल्या बायका येऊन जात, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळ्या लग्नाच्या बांगड्यांविषयी बोलत होत्या.

हळदीच्या सकाळी पूजा पाटावर बसली. जात्यावर दळलेली हळद वाटीत कालवून ठेवलेली. गाणी सुरू झाली, शाहीन ती मोबाइलमध्ये भरून घेऊ लागली, पाचही जणींना बोलावलं आणि मी पाहुणी म्हणून वाटी पहिल्यांदा माझ्या हातात दिली. मी सहज कुडाकडे पाहिलं. एका ठिकाणी लिंपण पडून फट झाली होती, तिथं शोभाताईंच्या जांभळ्या पातळाचा काठ दिसत होता. पूजाही तिकडेच बघत होती. माझी बोटं वाटीत गेली आणि तिथंच थांबली. पाहुण्या बाईनं दुसऱ्याच्या घरात काय बोलावं? आणि न बोलून ही हळद लावावी तरी कशी?

“थांबा बाई.”

कौसाबाई मांडवात आल्या. ज्या जागी विधवेनं यायचं नसतं तिथं, स्वतःही विधवा असून, येऊन त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. गाणं मध्येच तुटलं.

“माह्या दोन पोरी,” त्या बायकांकडे बघून म्हणाल्या. “दोघीच्या हळदीले मी याच कुडामांगं उभी होतो. खोकला आला तं पदर कोंबला तोंडात, कोनाले समजू नये म्हून. पाच सवाष्णीच्या हातची हळद लागली पोरीले. मोठी दोन वर्सात घरी माघारी आली. मंग? काय केलं त्या हळदीनं?”

मग त्या कुडाकडे वळल्या.

“शोभे! भाईर ये.”

फटीतला काठ हलला नाही. म्हातारी वाटी घेऊन तशीच आत गेली आणि सुनेला मनगटाला धरून घेऊन आली. “त्या दिवशी परसात या बाई बोलून राह्यल्या तवा मी आतच होतो. पापड लाटाले गेलोच नाई. सारं आयकलं. मले वाटलं, आपली सून जगाले इचारते, मले काहून नाई इचारत? त्याचा राग होता मले.” मग पुन्हा ठसका आला, तो पुरा होऊ देऊन त्या म्हणाल्या, “आता माहा खोकला साऱ्या मुलखानं आयकला. लपून काय करतं?”

आणि त्यांनी शोभाताईंचा हात वाटीत बुडवला.

शोभाताईंनी रीत विसरून हळद पायांऐवजी एकदम मुलीच्या दोन्ही गालांना लावली, जशी लहान पोराला पावडर लावतात. पूजा रडत होती आणि हसतही होती. एक पोक्त बाई उठून निघून गेली. बाकीच्या बसून राहिल्या, आणि कुणीतरी गाणं तुटलं होतं तिथून पुढं उचललं. पूजानं आजीचा हात धरला, “आजी, तू बी लाव.” कौसाबाईंनी आधी आपला हात लुगड्याला पुसला, उलटसुलट करून पाहिला आणि मग हळदीत घातला. मी पाचवी सवाष्ण होते. माझा नंबर सगळ्यांच्या शेवटी आला, आणि तो तसा आला याचा मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

लग्न लागल्यावर मी निघाले. शाहीननं फाट्यावर सोडताना सांगितलं, “गाडीत रेडिओ लावा. आज हळदीचं लावून राह्यलो.” मी कानात वायर खोचून खिडकीशी बसले. हळदीची गाणी आली, मग म्हातारीचं बोलणं, तिच्या स्वतःच्या आवाजात, मध्ये ठसक्यासकट. कौसाबाईंनी शाहीनला ताकीदच दिली होती, “खोकला कापजो नोको.” शेलूबाजारच्या पुढं आवाज खरखरायला लागला. मी वायर इकडून तिकडं हलवली, फोन खिडकीबाहेर धरला. शेवटी नुसती खरखर उरली. त्या रेडिओचा मुलूख संपला होता.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. फडताळावरचा रेडिओ तसाच आहे. त्यावरची माणसं हक्कांविषयी छान बोलतात, शुद्ध बोलतात, आणि मी कणीक मळता मळता मान डोलावत असे. आता मात्र मला त्यांच्या पाठीमागचं काही ऐकू येत नाही याची रुखरुख लागते. कोण त्या वेळी दाराआड उभं असेल, कुणी तोंडात पदर कोंबला असेल?

परवा हे स्वयंपाकघरात आले आणि माझ्याकडे बघत राहिले. “एवढा कान लावून काय ऐकतेस?”

“कुणी खोकतंय का ते बघते,” मी म्हटलं.