आडवा आठ

या गृहस्थांना सगळी गल्ली रिंगमास्तर म्हणते. सर्कशीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. जुन्या, रीळवाल्या कॅमेऱ्याची लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्याला थेट बसत नाही. मधे धातूची एक रिंग घालावी लागते, आणि ती मास्तर लेथवर करून देतात. वाघ-सिंह सोडाच, घरात साधं मांजर नाही. बायको गेल्यापासून पुढे दुकान, मागे एक खोली आणि मधे पडदा, एवढाच संसार.

कामात मात्र महाखट. जुन्या लेन्सच्या कड्यावर अंतराचे आकडे असतात आणि शेवटी एक खूण असते, आठ आडवा पाडल्यासारखी. पुस्तकात तिला अनंत म्हणतात, मास्तर म्हणतात आडवा आठ. लेन्स तिथवर फिरवली की लांबातलं लांब स्वच्छ दिसलं पाहिजे. रिंग जरा जाड झाली की बोंबललं! नाकासमोरचं झकास, लांबचं सगळं धुरकट. म्हणून प्रत्येक रिंग कॅमेऱ्याला लावून मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे राहतात आणि दूरच्या पाण्याच्या टाकीची शिडी बघतात. शिडीचे दांडे सुटे सुटे दिसले तरच रिंग गिऱ्हाइकाच्या हातात. एकजण घाईत म्हणाला, "चालेल हो, थोडं इकडेतिकडे." मास्तर कडाडले, "तुला चालेल. मला नाही चालत!"

तर एक दिवस लेकीचा फोन आला. लेक खूप लांबच्या शहरात. तिचा फोन कधीमधी, तोही एकीकडे भाजी चिरत केलेला. "बाबा, आईची ती आवडती लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्याला बसेल का हो? छोटीचे फोटो काढायचेत." छोटी म्हणजे नात. चालायला लागली तरी आजोबांनी तिला अजून मांडीवर घेतलेली नाही.

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. "बसेल म्हणजे? न बसून सांगते कुणाला! कॅमेरा घेऊन ये, तुझ्यासमोर बसवून देतो."

"यायला कुठे जमतंय? कुरियरने पाठवा ना."

पाठवा ना! घ्या. म्हणजे लेन्स हवी, बाप नको. तसं तिच्या मनात नव्हतं हो, पण मास्तरांना लागलं ते लागलंच.

तरी रिंग त्यांनी जीव ओतून केली. तिच्या कॅमेऱ्यासारखाच एक दुकानात होता, त्याला लावून पाहिली. शिडीचा दांडा न दांडा दिसला. मग लेन्स आणि रिंग खोक्यात भरायला घेतली आणि हात थांबला. ही एकदा गेली की लेकीला या दारात यायचं कारण काय उरलं?

आणि मग या माणसाने काय करावं? रिंगेचे स्क्रू सोडले, आत पितळेची एक पातळ चकती सरकवली आणि स्क्रू पुन्हा आवळले. पायरीवर जाऊन पाहिलं. शिडी गायब, टाकीच्या जागी नुसता करडा गोळा. रिंग बरोब्बर बिघडली होती. मास्तरांनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि खोकं बंद केलं.

आता तक्रार येणार. मग म्हणायचं, "हे असं फोनवर नाही व्हायचं बाई, कॅमेरा घेऊन यावं लागेल. छोटीलाही आण." वाक्य तोंडपाठ करून ठेवलं. तक्रारीची वाट न बघताच बायकोची गादी उन्हात घातली, नवी चादर आणली, आणि शेजारच्या शिंप्याला सांगून मोकळेही झाले, "लेक येतेय."

"तरीच दाढी रोज होतेय!" शिंपी म्हणाला. "स्वारी खुशीत आहे."

फोन आला तेव्हा मास्तर लेथ बंद करून उभेच राहिले.

"बाबा, काय गोड फोटो येतायत! छोटीची पापणी न पापणी दिसते."

"आणि लांबचं?"

"लांबचं जरा धूसर येतं. पण मला लांबचं काय करायचंय, बाबा? माझं सगळं इथंच तर आहे, हाताच्या अंतरावर."

पाठ केलेलं वाक्य अर्धंमुर्धंच बाहेर आलं. "तरी पण... एकदा घेऊन आली असतीस, तर..."

"छे हो, एवढ्यासाठी कशाला? हेसुद्धा म्हणाले, बाबांच्या हातची रिंग अशी कशी? मी म्हटलं, वय झालं त्यांचं, हात हलत असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

हात हलतो! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मास्तरांनी त्याला पायरी चढू दिली नसती. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं: चकती मीच घातली गं, तू यावीस म्हणून.

"हो गं," ते म्हणाले. "हलतो हल्ली."

फोन ठेवला. दारातून शिंप्याने विचारलं, "काय मास्तर, कधी येतेय लेक?"

"बघू. कामात आहे ती."

मास्तर टेबलाशी बसले. दुसऱ्या कुणाची तरी लेन्स उघडून ठेवली होती. राईच्या दाण्याएवढा स्क्रू त्यांनी चिमट्यात उचलला आणि त्याच्या भोकावर नेऊन धरला. हात तसूभरही हलला नाही.