भावजींचं कार्ड आणि येसेनियाचं लग्न

एलिओदोरो म्हणजे माझे दीर, तुझ्या आजोबांच्या पाठचे. मी बोलते तसंच लिही हं, शाळेतल्यासारखं नको.

दोघं भाऊ बरोबरच मेक्सिकोतल्या मिचोआकानातून इकडे वॉट्सनविलला आले, स्ट्रॉबेरी तोडायला. इथे राहायचं हिरवं कार्डही दोघांना एकदमच मिळालं. तुझ्या आजोबांनी वेळ झाल्याबरोबर इथलं नागरिकत्व घेतलं, मलाही ओढून नेलं. भावजी म्हणाले, "मी काय इथे मरायला आलोय? दोन-चार हंगाम, की चाललो घरी."

कार्डाची मुदत दहा वर्षांची. ती सरली की भावजी जायचे, बोटांचे ठसे द्यायचे, नवा फोटो काढून नवं कार्ड आणायचे. "वहिनी, हे शेवटचं बरं का." पुढची दहा सरली. "वहिनी, हे मात्र नक्की शेवटचं." फोटोत केस तेवढे कमी होत गेले.

नागरिकत्वाचं नाव काढलं की अंगावर यायचे. "हात वर करून मेक्सिकोला, आपल्या आईला सोडल्याची शपथ घेऊ? तुम्ही घेतलीत, तुम्हाला लखलाभ."

"अहो, मी शपथ घेतली आणि घरी येऊन आपले मक्याचे तमालेच वाफवले. काय बदललं माझं?"

"ते तुम्हाला नाही कळायचं."

आता त्यांची लेक, येसेनिया. आई लवकर गेली तिची, ती गावी आजीजवळच वाढली. मोठी झाल्यावर भावजींनी तिला इकडे आणायला अर्ज टाकला. त्यांचा सगळा जीव तिच्यात. म्हणायचे, एकदा पोरगी येऊन माझ्या टेबलाला जेवायला बसू दे, मग मी सुटलो. पण मेक्सिकोवाल्यांची ती व्हिसाची रांग! उभं राहता राहता माणसाचे दात पडतात. येसेनिया काय दात पडेपर्यंत थांबते? लाझारो नावाच्या गवंड्याबरोबर राहायला गेली. दोन पोरं झाली. आमच्याकडे यात नवल नाही. निम्मं गाव असंच पळून जाऊन संसार मांडतं, लग्न मागनं सवडीनं होतं. पण भावजींना भारी लाज. एका नाताळात गावी गेले तेव्हा तिच्या तोंडावर म्हणाले, "बोटात अंगठी घातल्याशिवाय माझ्या दारात उभी राहू नकोस."

आणि मग स्वतःच तिच्या लग्नाच्या तयारीला लागले. आमच्यात लग्नातल्या प्रत्येक वस्तूचा खर्च उचलायला एकेक धर्मबाप नाहीतर धर्मआई लागते. केकचा एक, वाजंत्र्यांचा एक. नवरा-नवरीच्या गळ्यात एकत्र टाकायची ती जपमाळेची दोरी माझ्याकडे आली. डिसेंबरातली तारीख ठरली, बोकड बघून ठेवले.

तेवढ्यात कार्ड पुन्हा संपायला आलं. चर्चच्या हॉलमध्ये पेर्ला म्हणून एक बाई कागद भरून देते, तिच्याकडे मी आणि भावजी गेलो. भावजी खुशीत. "आटप गं लवकर, पोरीच्या लग्नाला जायचंय."

पेर्लानं हात थांबवला. "कुठल्या पोरीच्या? जिचा अर्ज रांगेत आहे तिच्या?"

"मग मला काय छप्पन्न पोरी आहेत?"

"काका, तुम्ही कार्डवाले. कार्डवाल्याच्या मुलीनं लग्न केलं की अर्ज त्याच दिवशी मेला. इतकी वर्षं उभी राहिली ते सगळं वाया."

भावजी खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे ती पापात राहिली म्हणून नंबर टिकला?"

"सरकारला पाप कळत नाही, काका. लग्न तेवढं कळतं."

"आणि मी इथला नागरिक असतो तर?"

"तर लग्न केलं तरी अर्ज जिवंत राहिला असता. फक्त आणखी लांबच्या रांगेत गेला असता."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले, देवाची शपथ. भावजीच माझ्यावर खेकसले, "हसू नका वहिनी!"

घरी येऊन त्यांनी गावी फोन लावला. "पोरी, लग्न करू नकोस."

"बाबा, प्यायलात का?"

"लाझारोबरोबर राहा. आहेस तशीच राहा. पण पाद्र्यापुढे जाऊ नकोस, मी शपथ घेईपर्यंत."

येसेनिया एवढी हसली की फोन नवऱ्याकडे गेला. नवरा म्हणायचा की नाही, ते तेव्हा भावजींनाही सांगता आलं नसतं.

लग्न पुढे ढकललं, केकचा धर्मबाप रुसला. भावजी टोपी डोळ्यांवर ओढून परीक्षेला बसले. म्हाताऱ्यांना आपल्या भाषेत देता येते, पास झाले. शपथेला मी शेजारी होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज काही आला नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "सोडली का आई?"

"मेक्सिकोच्या वकिलातीत विचारून आलो होतो काल," हळूच म्हणाले. "तिथली बाई म्हणाली, मेक्सिको तुम्हाला सोडतच नाही, कितीही शपथा घ्या. मग मी इतकी वर्षं कुणासाठी अडून बसलो होतो, वहिनी?"

पण माणूस पक्का. लगेच लेकीला फोन. "आता लग्न केलंस तरी चालेल. पण बिनलग्नाची रांग जरा आखूड आहे, तेव्हा आणखी थोडी वर्षं..."

"बाबा," येसेनिया म्हणाली, आता हसत नव्हती. "आधी म्हणालात कर, मग म्हणालात नको. माझी मुलं विचारतात, आपलं लग्न कधी? मी येत्या डिसेंबरात करतेय. अर्ज जाऊ दे लांबच्या रांगेत. तुम्ही या."

भावजींनी फोन ठेवला आणि बोटांवर वर्षं मोजली. त्या रांगेत तिचा नंबर लागेल तेव्हा आपण नसू, हे त्यांना न सांगता कळलं.

गेले लग्नाला. मी दोरी घातली दोघांच्या गळ्यात, भावजी लहान पोरासारखे रडले. मी परत आले, ते काही आले नाहीत. कार्ड होतं तोवर गावी फार दिवस राहिले की ते रद्द व्हायची भीती, सारखं पळत परत यावं लागायचं. आता नागरिक माणूस, कितीही राहा, कोण विचारतंय! घरी जाता यावं म्हणून ज्या नागरिकत्वाला नको म्हणत होते, त्यानंच घरी पोचवलं बघ.

परवा फोन केला तर येसेनिया कावलेली. "काकू, बाबांना समजवा. दिवसभर माझ्या टेबलापाशी बसून तिकडचंच गातात. तिकडे रस्ते असे, तिकडे नळाला पाणी तसं."

मागून भावजी ओरडत होते, "लाझारोला सांग, आमच्या वॉट्सनविलला कचऱ्याला तीन वेगळ्या पेट्या असतात!"