पाचाचा शून्यावा घात

नोकरी संपून सहा वर्षं झाली, पण नववीला घातांक शिकवताना जमलेले किस्से काही संपत नाहीत. आम्ही निवृत्त मास्तर चहाला बसलो की पहिला नंबर माझा! सगळे हसतात. मीही हसतो, पण हल्ली घरी येताना मन खट्टू होतं.

एकदा फळ्यावर लिहिलं, एक्सचा वर्ग गुणिले एक्सचा घन. संतोष ओरडला, "सहावा घात!"

"अरे, घातांकांची बेरीज करायची!"

"पण सर, मधी गुणाकाराची खूण हाय ना!"

वर्ग खो खो हसला. मी त्याला तासभर उभा ठेवला. दोन वाक्यांत समजावता आलं असतं हो!

मग ते इन्स्पेक्शन! घाईघाईत मीच ठोकून दिलं, एक्सचा वर्ग अधिक एक्सचा घन बरोबर एक्सचा पाचवा घात. बेरजेत घातांक मिळवायचे नसतात, हे घसा फोडून सांगणारा मीच! साहेबांनी पोरांना विचारलं, "बरोबर आहे?"

पन्नास पोरं एका सुरात, "होऽऽ सर!" एवढा माझा दरारा.

साहेब म्हणाले, "शिस्त चांगली आहे!"

त्याच वर्गात दिवेआगरची नसरीन होती, मामाकडे राहून शिकायची. तिने विचारलं, "सर, पाचाचा शून्यावा घात एक कसा? शून्य का नाही?"

मला कारण येत नव्हतं. "नियम आहे. पाठ कर. फाजीलपणा नको!" त्यानंतर तिने वर्गात कधी हात वर केला नाही.

दहावीनंतर तिचे अब्बा आले. "सर, पोरगी इंजिनियर व्हायचं बोलते. सायन्सला घालू?"

"गणित कच्चं आहे तिचं. आर्ट्सला घाला."

त्यांनी मास्तरांचा शब्द मोडला नाही. हा किस्सा मी चहाला सांगत नाही.

गेल्या महिन्यात माणगावच्या बाजारात नसरीन भेटली. मला राहवेना. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढे सापडलं गं मला. पाचाला पाचाने भागलं की एक. घातांक वजा केले, एकातून एक, की शून्य. म्हणून शून्यावा घात एक! तेव्हा मला येत नव्हतं. चुकलो मी."

ती हसली. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सर, हेच मी दुसऱ्या दिवशी वहीत लिहून दिलं होतं तुम्हाला. तुम्ही 'छान' असा शेरा मारून खाली सही केली होतीत."